मार्जारमीनाचा शेजारी

शाळेच्या प्रयोगशाळेत मत्स्यपेटी ठेवणारे नाशिकमधील शिक्षक आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात : मोठ्या कॅटफिशबरोबर दुसरे कोणते मासे ठेवावेत? बोटभर लांबीचा, मिशा असलेला हा मासा विद्यार्थ्यांना आवडतो. काही महिन्यांत मात्र पेटीतले इतर मासे एकेक करून कमी होऊ लागतात. हा प्रश्न छंदातला वाटला तरी त्याच्या उत्तरामागे मोठा इतिहास आहे. तो थोडक्यात पाहू.

कॅटफिशना मराठीत मार्जारमीन म्हणतात. आपल्या नद्यांना ते नवे नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अधिकारी कर्नल विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने लिहिली. ती 1839 च्या सुमारास प्रसिद्ध झाली. नवी शास्त्रीय नावे देताना त्यांनी अनेकदा इथल्या बोलीतलीच नावे घेतली. शिंगटीवरून ‘सींगटी’, मळ्यावरून ‘मुल्या’, गोगऱ्यावरून ‘गोग्रा’ ही नावे आजही प्राणिशास्त्रात टिकून आहेत. गंमत अशी, की गोगरा त्यांनी ‘फ्रॅक्टोसेफॅलस’ या प्रजातीत घातला होता. ही प्रजाती मुळात दक्षिण अमेरिकेतील लाल शेपटीच्या मार्जारमीनाची. पुढे गोगऱ्याची रवानगी ‘रीटा’ या प्रजातीत झाली. तो लाल शेपटीचा मासा मात्र आज ‘रेड टेल कॅटफिश’ म्हणून शोभिवंत माशांच्या बाजारात मिळतो. दुकानात तो चार बोटांचा असतो, पूर्ण वाढल्यावर मीटरभराहूनही लांब होतो.

कोणी कोणाशेजारी राहावे, याचा सर्वांत पद्धतशीर विचार आपल्या देशात झाला तो मत्स्यशेतीत. 1957 साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी अंतःस्रावी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीज हमखास मिळण्याची वाट मोकळी झाली. 1959 मध्ये चंदेरा व गवत्या हे परदेशी मासे आले. 1971 मध्ये मिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. अन्न वेगळे, थर वेगळा, म्हणून भांडण कमी. या यादीत शिवडा, शिंगाळा हे मोठे मार्जारमीन नाहीत. उलट बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून तळ्यातले असे भक्षक मासे आधी काढले जातात. कारण मोठा मार्जारमीन तोंडात मावेल तो मासा गिळतो, आणि बहुधा रात्री गिळतो. म्हणून सकाळी पेटीत भांडणाची खूण दिसत नाही, फक्त एक मासा कमी असतो.

मात्र तोंडात न मावणारा शेजारीही सुखात राहतोच असे नाही. टॉड, अतेमा आणि बार्डाख या शास्त्रज्ञांनी 1967 साली अमेरिकेतील पिवळ्या बुलहेड या मार्जारमीनावरील प्रयोग प्रसिद्ध केले. हा मासा आपल्या जातीतील एकेका माशाला वासावरून ओळखतो, असे त्यांत दिसले. दृष्टी नसली तरी ही ओळख टिकते, घ्राणेंद्रिय निकामी केले की जाते. हद्द सांभाळणाऱ्या माशाला नवा आलेला ‘परका’ आहे हे पाण्यातूनच कळते, असा याचा अर्थ. नवा मासा सोडताना जाणकार लोक पेटीतील दगड व आडोसे हलवून ठेवतात. त्यामुळे जुन्या हद्दी मोडतात आणि सर्वांनाच नव्याने जागा शोधावी लागते.

यावरून शिक्षकांना तीन कसोट्या सांगता येतील. शेजाऱ्याच्या शरीराची उंची मार्जारमीनाच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावी. तो तळाशी राहणारा नसावा, वरच्या किंवा मधल्या थरातला असावा. आणि हिशेब दुकानातल्या लांबीचा न करता पूर्ण वाढीचा करावा. विद्यार्थ्यांकडून ही मापे आलेखावर मांडून घेता येतील. चार फुटांच्या पेटीत मीटरभराच्या माशाला योग्य शेजारी नाही, कारण त्याला स्वतःलाच ती पुरत नाही, हे त्यांच्या आपोआप लक्षात येईल.

पेटीत न मावणारा मासा मग अनेकदा नदीत सोडला जातो. खरा धोका इथे आहे. ‘थाई मांगूर’ या नावाने ओळखला जाणारा आफ्रिकी मार्जारमीन परवानगीशिवाय देशात आला. तो हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे घाण पाण्यातही तगतो, आणि स्थानिक मासे फस्त करतो. 1997 साली केंद्र सरकारने त्याचे साठे नष्ट करण्यास सांगितले. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादालाही पुन्हा तसे आदेश द्यावे लागले. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा ‘सकर’ही पेट्यांतून सुटून देशातील अनेक नद्यांत पोचला आहे. पेटीतला शेजार चुकला तर मासे दुसऱ्या पेटीत हलवता येतात. गोदावरीत सोडलेला मासा परत काढता येत नाही. तिथे गोगऱ्याला, शिंगाळ्याला दुसरी पेटी नाही. म्हणून नको झालेला मासा दुकानदाराला किंवा मोठा हौद असलेल्या संस्थेला द्यावा, आणि ती सोय आधी झाल्याशिवाय मासा विकत घेऊ नये.