शैलीबद्ध उपशीर्षक-फाइलींचा इतिहास आणि विविध उपकरणांवरील वाचनीयतेचा प्रश्न

प्रस्तावना

चित्रपट अथवा मालिका पाहताना पडद्याच्या तळाशी दिसणारा संवादाचा लिखित अनुवाद म्हणजे उपशीर्षक होय. संगणकाच्या प्रसारानंतर हे उपशीर्षक चित्रापासून वेगळे होऊन स्वतंत्र फाइलीत राहू लागले. ज्या फाइलीत संवादाबरोबरच अक्षरांचा फॉन्ट, आकार, रंग, पडद्यावरील जागा आणि हालचाल यांविषयीच्या सूचनाही नोंदवलेल्या असतात, तिला शैलीबद्ध उपशीर्षक-फाइल म्हणता येईल. 'सबस्टेशन अल्फा' म्हणजेच एसएसए आणि त्याचा विस्तार असलेले 'ॲडव्हान्स्ड सबस्टेशन अल्फा' म्हणजेच एएसएस हे या वर्गातील सर्वाधिक प्रचलित प्रकार आहेत.

अशी फाइल एका संगणकावर सुबक दिसते, तर दूरचित्रवाणी संचावर तिचे रंग आणि जागा नाहीशा होतात. कोठे अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात, तर कोठे महिरपी कंसांतील सूचनाच संवाद म्हणून वाचाव्या लागतात. हा दोष सामान्यतः उपकरणाचा किंवा फाइल तयार करणाऱ्याचा मानला जातो. तथापि या अडचणींचा क्रम पाहिला असता त्या आकस्मिक नाहीत, असे दिसून येते. त्यांची मुळे या फाइल-प्रकाराच्या जडणघडणीत आहेत. ती मुळे शोधणे आणि त्यांच्या आधारे अडचणींच्या निवारणाचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

चित्रापासून मजकुरापर्यंत

चित्रपटगृहांच्या काळात उपशीर्षके चित्रफितीवरच उमटवली जात. ती चित्राचा अविभाज्य भाग असल्याने ती 'उघडण्याचा' प्रश्नच नव्हता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील जपानी ॲनिमेशनपटांच्या चाहत्यांनी अमिगा संगणक आणि जेनलॉक यंत्र यांच्या साहाय्याने व्हीएचएस फितींवर स्वतः केलेले अनुवाद उमटवण्यास प्रारंभ केला. तेथेही अंतिम फितीवर अक्षरे कायमची उमटत असत.

१९९६ मध्ये जपानमध्ये बाजारात आलेल्या डीव्हीडीने पहिली फारकत केली. तिच्यातील उपशीर्षके चित्रापासून वेगळी ठेवता येत आणि प्रेक्षकाला ती बंदही करता येत. मात्र ती मजकुराच्या रूपात नसून छोट्या प्रतिमांच्या रूपात साठवलेली होती. 'सबरिप' या आज्ञावलीने त्या प्रतिमांतील अक्षरे ओळखून त्यांचे मजकुरात रूपांतर करण्याची सोय केली. तिच्यातूनच एसआरटी हा साधा प्रकार रूढ झाला. अनुक्रमांक, आरंभ व समाप्तीची वेळ आणि संवाद एवढेच त्याचे स्वरूप असल्याने तो बहुतेक सर्व उपकरणांवर चालला.

एसएसएचा उगम याहून वेगळ्या गरजेतून झाला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विंडोजसाठी तयार झालेल्या 'सबस्टेशन अल्फा' या आज्ञावलीचा वापर प्रामुख्याने हौशी अनुवादक करीत. त्यांना केवळ संवाद पुरेसा नव्हता. दुकानाची पाटी, पत्रातील मजकूर, एकाच वेळी बोलणारी दोन पात्रे आणि शीर्षकगीताचे शब्द या सर्वांना वेगवेगळी जागा व रूप देणे त्यांना आवश्यक वाटत होते. पुढे आलेल्या एएसएसने या सूचनांची व्याप्ती वाढवली. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'एजिसब' या संपादन-आज्ञावलीमुळे हा प्रकार जगभरच्या हौशी अनुवादकांत रुळला.

मानकाविना वाढलेली परंपरा

एएसएस फाइल साध्या मजकुराची असते आणि तिचे ठळकपणे तीन भाग पडतात. पहिल्या भागात फाइलीची सामान्य माहिती, दुसऱ्यात शैलींची यादी आणि तिसऱ्यात वेळेसह संवाद असतात. या रचनेची वर्णने उपलब्ध होती. परंतु कोणत्याही मानक-संस्थेने तिला प्रमाणित रूप दिले नाही. प्रत्यक्षात 'गेबस्ट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या आज्ञावलीकाराची 'व्हीएसफिल्टर' ही विंडोजवरील आज्ञावली सूचनांचा जो अर्थ लावी, तोच प्रमाण मानला गेला. लिखित नियमाऐवजी एका आज्ञावलीचे वर्तन हाच नियम ठरला, ही या इतिहासातील निर्णायक बाब होय.

त्याचे परिणाम अनेक ठिकाणी दिसतात. व्हीएसफिल्टर अक्षराचा आकार विंडोजच्या पद्धतीने मोजत असे. त्यामुळे अन्य पद्धतीने मोजणाऱ्या आज्ञावलीत तोच आकडा लहान-मोठी अक्षरे देतो. रंगांचे आकडे निळा, हिरवा, तांबडा अशा क्रमाने लिहिले जातात, तर इतरत्र तांबडा, हिरवा, निळा हा क्रम प्रचलित आहे. परिणामी निष्काळजी रूपांतरात तांबड्याचा निळा होतो. पारदर्शकतेच्या आकड्यात शून्य म्हणजे पूर्ण अपारदर्शक असा अर्थ असतो. एसएसएमधील पडद्यावरील जागांचे क्रमांकही एएसएसमध्ये बदलले. एएसएसमध्ये ते कळफलकावरील अंकपट्टीच्या मांडणीनुसार १ ते ९ असे आहेत. एसएसएमध्ये मात्र ५, ६, ७ या क्रमांकांचा अर्थ पडद्याचा वरचा भाग असा होता.

अन्य संगणक-प्रणालींवर ही परंपरा नेण्याचे कार्य 'लिबास' या मुक्त ग्रंथालयाने केले. येथे ग्रंथालय म्हणजे इतर आज्ञावलींना वापरता येणारा आज्ञांचा संग्रह होय. २००६ च्या सुमारास 'एमप्लेअर' या चित्रवादकासाठी तयार झालेला हा संग्रह पुढे व्हीएलसी, कोडी, एमपीव्ही आदी वादकांनी स्वीकारला. लिबासच्या कर्त्यांना लिखित मानकाचा आधार नसल्याने व्हीएसफिल्टरच्या वर्तनाचे, प्रसंगी त्यातील दोषांचेही, अनुकरण करावे लागले.

फाइलीबाहेरचे अवलंबन

शैलीबद्ध फाइल चित्र साठवत नाही; चित्र काढण्याच्या सूचना साठवते. त्या सूचना पूर्ण होण्यासाठी फाइलीबाहेरच्या तीन गोष्टींची आवश्यकता असते. पहिली गोष्ट फॉन्ट होय. फाइलीत फॉन्टचे केवळ नाव असते. त्या नावाचा फॉन्ट उपकरणात नसल्यास वादक दुसरा निवडतो आणि त्यात ती लिपी नसेल तर चौकोन उमटतात. एसएसएमध्ये फॉन्ट फाइलीतच गुंफण्याची सोय होती, पण तिचा वापर मर्यादित राहिला. डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झालेल्या 'मात्रोस्का' या संपुट-प्रकाराने चित्र, ध्वनी, उपशीर्षके आणि फॉन्ट एकत्र ठेवण्याचा अधिक सोयीचा मार्ग दिला. यातून फॉन्टच्या परवान्याचा प्रश्न मात्र उद्भवतो. एमपी४ संपुटात एएसएसला मान्यताप्राप्त स्थान नसल्याने त्यात रूपांतर करताना शैली सहसा गळून पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरांची संकेतप्रणाली. जुन्या फाइली त्या त्या देशातील संगणकांच्या संकेतांत लिहिलेल्या असल्याने परक्या संगणकावर त्यांची अर्थहीन चिन्हे होतात. तिसरी गोष्ट पडद्याच्या मापाची. जागेचे आकडे कोणत्या मापाच्या पडद्याला धरून आहेत, हे फाइलीच्या पहिल्या भागात नोंदवावे लागते. ती नोंद नसल्यास व्हीएसफिल्टरच्या परंपरेनुसार ३८४ बाय २८८ असे माप गृहीत धरले जाते आणि मोठ्या पडद्यासाठी योजलेली अक्षरे भलत्याच आकाराची व भलत्या जागी दिसतात.

देवनागरीचा अनुभव

मराठी वाचकांच्या दृष्टीने हा इतिहास परका नाही. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ मध्ये, देवनागरीला स्थान मिळाले. त्याचा पाया इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या आवृत्तीवर होता. परंतु महाराष्ट्रातील छपाई व्यवसायात दीर्घकाळ असे फॉन्ट वापरले गेले, ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरीचे आकार बसवलेले होते. अशा पद्धतीने लिहिलेला मजकूर मूळ फॉन्टशिवाय उघडल्यास रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तेथे संकेतप्रणाली बदलून उपयोग होत नाही. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतरच करावे लागते.

युनिकोडमध्ये लिहिलेल्या मराठीपुढेही आणखी एक अडचण राहते. देवनागरीत उच्चारक्रम आणि दृश्यक्रम नेहमी एक नसतात. 'कि' लिहिताना वेलांटी व्यंजनानंतर नोंदली जाते, पण दिसते व्यंजनाच्या आधी. ही जुळणी करणारी यंत्रणा वादकात नसेल तर वेलांटी चुकीच्या जागी पडते आणि जोडाक्षरे फुटतात. लिबासमध्ये ही क्षमता 'हार्फबझ' या संग्रहाच्या जोडणीनंतर आली. शैलीच्या सूचना जोडाक्षराच्या मध्ये आल्यास तेही तुटते. 'क्ष'चे 'क्‌' आणि 'ष' असे दोन तुकडे दिसतात. गीताच्या एकेका अक्षराला रंग देणारी तंत्रे जपानी किंवा रोमन लिपीसाठी विकसित झाली असल्याने मराठी गीताला ती लावताना एकक म्हणून संपूर्ण अक्षर धरणे आवश्यक ठरते.

निवारणाचा क्रम

वरील विवेचनावरून अडचणीच्या स्वरूपानुसार कारण ओळखता येते. उपशीर्षक मुळीच दिसत नसल्यास प्रथम चित्राची व उपशीर्षकाची फाइल एकाच ठिकाणी व एकाच नावाने आहे किंवा नाही, हे पाहावे आणि त्यानंतर उपकरण तो प्रकार स्वीकारते का, याची खात्री करावी. अर्थहीन चिन्हे दिसल्यास मूळ संकेतप्रणाली ओळखून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी. चौकोन दिसल्यास योग्य फॉन्ट पुरवावा. आकार वा जागा चुकल्यास पडद्याच्या मापाची नोंद तपासावी. कंसांतील सूचना दिसत असल्यास अथवा सर्व ओळी तळाशी एकत्र येत असल्यास तो वादक शैली समजण्यास असमर्थ आहे, असे मानावे. संगणक व भ्रमणध्वनी यांवर लिबास वापरणारा वादक निवडल्यास हा दोष बहुधा दूर होतो. शैली न समजणाऱ्या दूरचित्रवाणी संचासाठी साध्या एसआरटीची वेगळी प्रत करावी. तशी प्रत करताना पाट्या आणि संवाद यांचा क्रम हाताने तपासणे इष्ट होय.

उपशीर्षके चित्रात कायमची उमटवणे हा अखेरचा उपाय आहे. त्यामुळे सर्व उपकरणांवर एकसारखे रूप मिळते. परंतु अनुवाद दुरुस्त करणे, शोधणे, मोठ्या अक्षरांत पाहणे आणि बंद करणे यांपैकी काहीही शक्य राहत नाही. व्हीएचएस फितीपासून जी फारकत साध्य झाली होती, ती येथे रद्द होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांतील मजकूर-मथळ्यांचा विचार झालेला आहे. ज्यांना ध्वनी ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हा मजकूर हाच संवाद असल्याने त्याचे स्वातंत्र्य टिकणे महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष

शैलीबद्ध उपशीर्षक-फाइलींच्या अडचणी हा एका हौशी, विनावेतन आणि मानकाविना वाढलेल्या परंपरेचा वारसा आहे. त्या परंपरेने पडद्यावरील लेखनाला जी अभिव्यक्ती दिली, तिचेच मूल्य उपकरणांवरील विसंगतीच्या रूपाने मोजावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकासाठी यात एक इशारा आहे. अनुवादकांनी फाइलीत टिपणाच्या स्वरूपात लिहिलेल्या ओळी मात्रोस्का संपुटात जाताना सामान्यतः गळतात, शैली रूपांतरात हरवते आणि फॉन्ट वेगळा झाल्यास पाटीचे रूपच नाहीसे होते. म्हणून अशा अनुवादांचे जतन करताना अंतिम चित्रफाइलीबरोबर मूळ एएसएस फाइल, तिचे फॉन्ट, संकेतप्रणाली आणि पडद्याचे माप यांची नोंद ठेवणे आवश्यक आहे. हस्तलिखिताच्या अभ्यासात शाई व कागदाला जे महत्त्व आहे, तेच येथे या चार गोष्टींना द्यावे लागेल. त्यांच्या अभावी संवादाचे शब्द उरतील. अनुवादकाने त्यांना पडद्यावर दिलेले रूप मात्र कायमचे हरवेल.