पाठीराख्यांची मालकी : विणकर, तालीम आणि फुटबॉल क्लब

फुटबॉल क्लबाची मालकी त्याच्या पाठीराख्यांकडे असावी, हा विचार आज युरोपातील एक ताजी सुधारणा म्हणून मांडला जात असला, तरी त्याची वंशावळ फुटबॉलच्या मैदानावर सुरू होत नाही; ती विणकरांच्या दुकानात, उसाच्या फडात आणि तालमीच्या आखाड्यात शोधावी लागते, आणि या तिन्ही ठिकाणांची ओळख सोलापूरला नव्याने करून द्यावी लागत नाही. पाठीराख्यांची मालकी म्हणजे केवळ तिकिटे काढून टाळ्या वाजवणे नव्हे. क्लब ही सभासदांची संस्था असते, प्रत्येक सभासद ठरावीक वर्गणी भरतो, कोणी कितीही पैसा दिला तरी मत एकच असते, कारभारी मंडळ मतदानाने निवडले जाते, आणि क्लब विकणे, त्याचे नाव बदलणे किंवा त्याला दुसऱ्या गावी नेणे या गोष्टी सभासदांच्या संमतीवाचून होत नाहीत. यांतील शेवटचा अधिकार सर्वांत मोलाचा आहे, आणि या व्यवस्थेचे बहुतेक दोषही त्याच अधिकारातून जन्माला येतात.

‘एक सभासद, एक मत’ या नियमाचा सर्वपरिचित पूर्वज इंग्लंडमधील रॉचडेल या कापडगावात सापडतो. तेथे 1844 साली विणकर आणि इतर कारागिरांनी वर्गणी काढून किराणा मालाचे दुकान उघडले आणि ग्राहकालाच दुकानाचा मालक केले. अशा संस्थांसाठी ब्रिटनमध्ये पुढे जो कायदा झाला, त्याच्याच आधारे शतकाहून अधिक काळानंतर तेथील फुटबॉलप्रेमींनी आपले न्यास नोंदवले. 1992 मध्ये नॉर्दॅम्प्टन टाऊन हा क्लब कर्जात बुडाल्यावर तेथील पाठीराख्यांनी काढलेला न्यास हा त्यांतला आरंभीचा मानला जातो. भारतात हीच कल्पना 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने आली, 1912 च्या कायद्याने पतपुरवठ्यापलीकडे पसरली आणि महाराष्ट्रात 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमात स्थिरावली. सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद आणि इंग्लंडमधल्या क्लबाचा वर्गणीदार प्रेक्षक हे या अर्थाने एकाच घराण्याच्या दोन शाखांतले ठरतात.

मालकी कागदावर असणे आणि हातात असणे यांतील अंतर मात्र सोलापूरने सहकारी कारखान्यांच्या आधी गिरणीत पाहिले. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे शहराची जुनी मिल, ऑगस्ट 1949 मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांवर बेकारी आली, तेव्हा केंद्र सरकारने जानेवारी 1950 मध्ये अध्यादेश काढून कंपनीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांकडे सोपवला. भागधारकांचे भाग त्यांच्याकडेच राहिले, परंतु संचालक निवडण्याचा आणि ठराव अमलात आणण्याचा त्यांचा हक्क निष्प्रभ झाला. एका भागधारकाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मतदानाचे हक्क हे भागाला चिकटलेले असले तरी भागापासून वेगळी अशी ती मालमत्ता नव्हे, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने 1950 च्या डिसेंबरात बहुमताने त्याची याचिका फेटाळली. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात, डिसेंबर 1953 मध्ये, त्याच न्यायालयाने उलट निर्णय दिला आणि अशा रीतीने ताबा काढून घेणे म्हणजे भरपाईवाचून कंपनीला तिच्या मालमत्तेपासून वंचित करणे होय, असे ठरवले. ज्याच्या हाती भाग आहे पण ज्याच्या मताला किंमत नाही, त्याला मालक म्हणावे काय, हा प्रश्न सोलापूरच्या नावानिशी देशाच्या कायद्याच्या इतिहासात असा दोनदा नोंदला गेला आहे. फुटबॉलमधील पाठीराखा याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो, कारण त्याच्याजवळ भाग नसतो आणि तरीही क्लब आपला आहे असे तो मानतो.

याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, नीरा कालव्याच्या पाण्यावर ऊस करण्यासाठी सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी 1932 मध्ये ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ उभी केली. ती सहकारी संस्था नव्हती. शेतकऱ्यांनीच भाग घेतलेली ती कंपनी होती, आणि माळीनगर हे गाव तिच्यामुळे वसले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून 1950 मध्ये प्रवरानगरला सुरू झालेला सहकारी कारखाना हा यानंतरचा टप्पा. या दोन्ही प्रयोगांचे बळ असे, की जो माल घालतो तोच मालक असल्याने कारखाना दूर बसलेल्या भांडवलदाराच्या लहरीवर चालत नाही. त्यांतला धोका त्याच गोष्टीत आहे. मालक असलेल्या ऊस उत्पादकाला कारखान्याच्या गंगाजळीपेक्षा उसाचा भाव प्रिय असतो, निवडणुकीत भावाची बोली लागते आणि यंत्रसामग्रीसाठी ठेवायचा पैसा वाटपात जातो. फुटबॉलमध्ये भावाची जागा खेळाडू घेतो. बार्सिलोना हा सव्वाशे वर्षांचा क्लब आजही सभासदांचा आहे आणि त्याचा अध्यक्ष मतदानाने निवडला जातो. परंतु अध्यक्षपदाचे उमेदवार मोठमोठे खेळाडू आणण्याची आश्वासने देत राहिले, वेतनाचा डोंगर वाढला, आणि 2021 मध्ये कर्ज एक अब्ज युरोच्या पलीकडे गेलेले असताना मेस्सीला क्लब सोडावा लागला. वार्षिक सभेत ताळेबंद वाचणाऱ्यापेक्षा भाव जाहीर करणाऱ्याला टाळ्या मिळतात, हे सोलापूरकरांना कॅटलोनियातून शिकण्याची गरज नाही.

सभासद कोणाला करून घ्यायचे, हा प्रश्नही दोन्हीकडे तितकाच अवघड आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात 2013 च्या दुरुस्तीने ‘क्रियाशील सभासद’ ही संज्ञा आली. पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेला हजर राहणे आणि संस्थेच्या सेवांचा किमान उपयोग करणे ही त्याची लक्षणे ठरली, कारण केवळ नावापुरते सभासद मतदारयादीत राहून निवडणुका फिरवत होते. जर्मनीत 1998 पासून असा नियम आहे, की क्लबाने फुटबॉलसाठी कंपनी काढली तरी तिच्यातील निम्म्याहून एक अधिक मत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिले पाहिजे. त्यातून पळवाट काढताना लाइपझिगच्या क्लबाने मताचा हक्क असलेले सभासदच अगदी मोजके ठेवले. नियम पाळून नियमाचा जीव घेण्याची ही रीत, सभासदत्वाचे अर्ज वर्षानुवर्षे टेबलावर ठेवणाऱ्या आपल्याकडील संस्थांना अपरिचित वाटू नये.

मराठी मुलखात पाठीराख्यांच्या मालकीचे खरे फुटबॉल कोठे असेल, तर ते कोल्हापुरात आहे. तेथील संघांची नावेच ही गोष्ट सांगतात : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. तालीम म्हणजे मुळात पेठेतल्या मुलांनी कुस्ती आणि व्यायाम करण्याची, लाल मातीचा हौदा असलेली जागा. शाहू महाराजांच्या काळात मल्लविद्येला राजाश्रय मिळाला, तालमी पेठांच्या अभिमानाची केंद्रे झाल्या, आणि विसाव्या शतकात फुटबॉल रुजला तेव्हा तो याच घरांत राहायला आला. पेठेतला मुलगा पेठेच्या संघातून खेळतो, पेठ वर्गणी काढते, पेठेतले कार्यकर्ते संघाची व्यवस्था पाहतात आणि पेठच शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून शिट्ट्या वाजवते. सोलापुरातही थोरला मंगळवेढा तालीम, पत्रा तालीम, पाणीवेस तालीम अशा तालमी आहेत, परंतु तेथे या सामूहिक शक्तीला गणेशोत्सवात आणि लेझमीत वाट मिळाली. खेळ निराळा असला तरी वर्गणीची वही तीच आहे.

तालमीच्या मालकीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात कोणाचाही भाग नसतो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मंडळाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही, नफा वाटून घेता येत नाही, आणि संघ दुसऱ्या शहरात नेण्याची कल्पनाच हास्यास्पद ठरते, कारण पेठेवाचून संघाला अर्थ उरत नाही. इंग्लंडमधील पाठीराख्यांना जे संरक्षण वकिलांकरवी मिळवावे लागले, ते येथे मातीतूनच आलेले आहे. तरीही या व्यवस्थेचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा लागतो. जेथे सर्वांची मालकी असते, तेथे हिशेब विचारण्याचा हक्क कोणाला आहे हे स्पष्ट नसते. वर्गणी अपुरी पडली की निवडणुकीवर डोळा असलेला आश्रयदाता पुढे येतो. पेठेचा मुलगा ही अट सैल होऊन हंगामापुरते परदेशी खेळाडूही आणले जातात. आणि पेठांमधील ईर्षा मैदानावरच्या हाणामारीपर्यंत गेल्याने सामने थांबवावे लागतात. शिवाय तालमीचा सभासद परंपरेने पुरुषच असल्यामुळे पेठेची मालकी म्हणताना निम्मी पेठ त्यात धरलेलीच नसते. हा शेवटचा दोष सर्वांत जुना आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

उलट बाजूचा पुरावा पुण्यात मिळतो. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी हे चारही क्लब उद्योगसमूहांच्या मालकीचे होते आणि दशकभरात ते एकामागून एक गेले. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडल्यावर लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली, आणि पुणेकर प्रेक्षकाला कोणी काही विचारले नाही. गोव्यात धेंपो आणि साळगावकर यांच्यासारख्या घराण्यांनी दीर्घकाळ फुटबॉल पोसला, परंतु 2016 मध्ये त्यांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली, तेव्हा तो निर्णयही घराण्यांचाच होता. विम्बल्डन क्लबाला 2002 मध्ये मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात जाण्याची परवानगी मिळाली, त्या वेळी विम्बल्डनच्या पाठीराख्यांनी मात्र नवा क्लब काढून इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरुवात केली, 2011 मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचवला आणि 2020 मध्ये प्लाव लेन या आपल्या जुन्या भागात मैदान बांधून परत आणला; पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी आपल्याच लोकांना कर्जरोखे विकले. पोर्ट्समथच्या पाठीराख्यांनी 2013 मध्ये दिवाळखोरीतून क्लब सोडवला आणि चार वर्षांनी मतदान करून तो एका अमेरिकी धनिकाच्या कंपनीला विकला. नकाराचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने होकार देणे हाही त्या अधिकाराचाच वापर असल्याने, या विक्रीला पराभव म्हणणे घाईचे होईल.

भारतात या दोन व्यवस्थांची सर्वांत मोठी तडजोड कोलकात्यात झाली. 1889 मध्ये स्थापन झालेला मोहन बागान हा सभासदांचा क्लब. 2020 मध्ये त्याच्या फुटबॉल कंपनीतील 80 टक्के हिस्सा गोएंका उद्योगसमूहाकडे गेला, 20 टक्के क्लबाकडे उरला, आणि संघाच्या नावापुढे त्या समूहाच्या आधीच्या संघाची ‘एटीके’ ही अक्षरे लागली. पाठीराख्यांनी ती अक्षरे काढावीत यासाठी सतत निदर्शने केली, आणि 2023 मध्ये संघ विजेता ठरल्यावर ती काढली गेली. नव्या नावात ‘सुपर जायंट’ हे शब्द आले, जे उद्योगसमूहाच्याच क्रिकेट संघाशी जुळणारे होते. हिश्श्याचे प्रमाण मात्र पूर्वीचेच राहिले.