आमच्या वहीतून बैल कसे गेले



यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या वह्यांचं गाठोडं खाली आलं. लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या, पहिल्या पानावर गौतमस्वामींचं स्मरण आणि त्याखाली देणं-घेणं. सगळ्यात जुन्या वह्या महाजनी अक्षरात आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. पुढच्या वह्या माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या हातच्या, मराठीत. आणि १९८१ नंतरच्या बऱ्याचशा माझ्याच हातच्या. बी. कॉम. झालेली सून घरात आली म्हटल्यावर बाबूजींनी दुसऱ्याच महिन्यात हिशेब माझ्याकडे सोपवला होता.

आमचं दुकान कासुर्डीचं. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन सोडलं की यवतच्या अलीकडे हे गाव लागतं. प्रवाशांना ते पूर्वीच्या टोलनाक्यामुळे माहीत. दुकान किराण्याचं, पण निम्मा माल शेतीचा. वह्या चाळता चाळता दुपार झाली, आणि लक्षात आलं की गावातली शेती कशी बदलली, याचा इतिहास यात ओळीओळीने लिहिलेला आहे. फक्त वस्तूंची नावं वाचत जायचं.

नाडा, कासरा, पेंड

साठच्या दशकातल्या वहीत काय आहे? मोटेचा नाडा, कासरा, वेसण, बैलाच्या पायाला ठोकायच्या पत्र्या, सरकी पेंड, गाडीच्या आसाचं वंगण, नांगराचा फाळ. बैलपोळ्याच्या आधी गोंडे, घुंगरमाळा आणि शिंगांना लावायचा हिंगूळ. म्हणजे गावातला माणूस आमच्याकडे यायचा तो बहुतेक वेळा बैलासाठीच.

तेव्हा विहिरीचं पाणी मोटेने निघे. बैलजोडी धावेवरून उतरायची, मोट वर यायची, थारोळ्यात पाणी पडायचं, मग बैल मागे सरायचे. दिवसभर हेच. मोट चांभाराने शिवलेली, नाडा मातंगाने वळलेला, औत सुताराने भरलेलं, फाळ लोहाराने शेवटलेला. त्यांना रोख पैसे क्वचितच मिळत. खळ्यावर धान्याची रास पडली की बलुतं मिळे. ज्याच्याकडे एकच बैल तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी वारंगुळा करी. खुरपणी-काढणीला सावड असे, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. या सगळ्याची नोंद आमच्या वहीत नाही, कारण त्यात पैसा नव्हता. हे मी आज मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते समजायला ही न झालेली नोंद महत्त्वाची आहे.

ते दिवस सोन्याचे होते असं मात्र म्हणवत नाही. शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुक या गावाचा अभ्यास पुण्याच्या शेती कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी कानिटकरांबरोबर केला आणि १९२१ साली प्रसिद्ध केला. त्याआधी १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला होता. जमिनीचे तुकडे, डोक्यावरचं कर्ज आणि शेतीवर न भागणारं घर, हेच चित्र दोन्हीकडे दिसलं.

त्या कर्जाच्या गोष्टीत आपले लोकही होते, ते लपवून चालणार नाही. आपले पूर्वज मारवाडातून, गुजरातेतून या भागात आले आणि दुकानाबरोबर सावकारीही करू लागले. १८५८ साली पुण्याहून दौंडमार्गे दिक्साळपर्यंत रेल्वे गेली, बाजार वाढला, नगदी व्यवहार वाढले, गहाणखतंही वाढली. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि दस्तऐवज जाळले. सुपं तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आमच्यापासून फार लांब नाही. माणसं मारणं हा हेतू नव्हता, कागद जाळणं हा होता. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्या घरांत ही गोष्ट फक्त 'दंगल झाली' एवढीच सांगतात. कागदावर काय लिहिलं होतं ते सांगत नाहीत.

लोखंड आलं, इंजिन आलं

यंत्राची सुरुवात आपण ट्रॅक्टरपासून धरतो, पण ती लोखंडी नांगरापासून आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती म्हणून सुरुवातीला तो विकला जाईना. १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि हळूहळू तो नांगर सगळ्या दख्खनभर पोचला. आमच्या काळ्या जमिनीत हराळी खोलवर माजते, ती उपटायला लाकडी नांगर पुरत नसे. लोखंडी नांगराला मात्र दोन-तीन जोड्या जुंपाव्या लागत. म्हणजे या पहिल्या यंत्राने बैल कमी केले नाहीत, उलट त्यांचं ओझं वाढवलं.

मग आलं तेलावरचं इंजिन. खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकात बांधलं गेलं होतं आणि मुठा उजव्या कालव्यामुळे आमच्याकडे ऊस होताच. यवत-केडगाव भागातली गुऱ्हाळं नावाजलेली. चरक फिरवायला बैल लागत, विहिरीवर बैल लागत. ही दोन्ही कामं इंजिनाने घेतली. बाबूजींच्या वहीत १९६६-६७ च्या सुमारास नाड्याची विक्री निम्म्यावर येते आणि नवी नावं दिसू लागतात: डिझेल, ग्रीस, पट्टा, वॉशर, फुटव्हॉल्व्ह. १९७२ च्या दुष्काळानंतर मोटेचा नाडा वहीत पुन्हा दिसतच नाही. त्या दुष्काळात चारा नव्हता, जनावरं मिळेल त्या किमतीला गेली. पाऊस आल्यावर अनेकांनी बैल घेतले नाहीत, पंप घेतला.

याच इंजिनाने आपल्या, म्हणजे बायकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट केली, ती इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. पिठाची गिरणी! सासूबाई सांगायच्या, लग्न होऊन आल्या तेव्हा पहाटे चारला जात्यावर बसायच्या. अकरा माणसांचं घर. गिरणी सुरू झाली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, गिरणीचं पीठ जळतं, अंगी लागत नाही. दोन वर्षांत त्याच म्हाताऱ्या डबा घेऊन रांगेत होत्या. सासूबाईंनी जातं टाकून दिलं नाही, आयंबिलाचं पीठ त्या शेवटपर्यंत घरीच दळायच्या. पण रोजचं दळण गेलं याचं दुःख झालेली एकही बाई मी पाहिली नाही. जुनं गेलं म्हणून हळहळताना हे विसरायचं नाही.

तिवड्याभोवतीचे बैल आणि मळणी यंत्र

आपण वर्षीतप करतो, अक्षय्य तृतीयेला पारणं करतो. आदिनाथ भगवानांना इतके महिने आहार का मिळाला नाही, याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मळणीचे बैल धान्य खातात म्हणून त्यांच्या तोंडाला मुसकं बांधायचा सल्ला त्यांनी दिला होता आणि बैल तेवढा वेळ उपाशी राहिले, त्याचं ते अंतराय कर्म. मला ही गोष्ट कासुर्डीत आल्यावर खरी कळली. खळ्यात तिवड्याभोवती पात धरलेली, बैल गोल गोल फिरताहेत, पायाखाली ज्वारीची कणसं आणि तोंडाला मुसकं. श्रावकाच्या पहिल्या व्रताच्या पाच अतिचारांतले शेवटचे दोन, अतिभार आणि अन्नपाणी तोडणं, मी तोवर नुसते पाठ म्हणत होते.

मळणी यंत्र आलं आणि ते मुसकं गेलं. आठवड्याचं काम काही तासांवर आलं. मला आनंद झाला होता.

मग एका वर्षी आमच्या शेजारच्या आळीतली एक बाई यंत्रात कणसं घालत होती. रात्रीची वेळ, कारण वीज रात्रीची. झोप अनावर झालेली. पदर अडकला की हात घसरला ते तिलाही सांगता आलं नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली. यंत्राचा पट्टा आमच्या दुकानातून गेलेला होता. ती नोंद माझ्या अक्षरात आहे, तारखेसह. पट्ट्यात दोष नव्हता, दुकानाचाही नव्हता, हे मला कळतं. तरी त्या वर्षीच्या संवत्सरी प्रतिक्रमणात तीच ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती.

अशा अपघातांचं प्रमाण देशभर इतकं होतं की १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, तोही मुख्यतः मळणी यंत्रांसाठी. हात आत जाणार नाही अशी कणसं घालायची व्यवस्था, जखमीला भरपाई, हे त्यात होतं. आमच्या शेजारणीपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. ती पुढे डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली.

ट्रॅक्टरचा ताळेबंद

आपल्या देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादहून निघाला. आज तर शिरूर तालुक्यात सणसवाडीलाच जॉन डिअरचा ट्रॅक्टर कारखाना आहे. कासुर्डीत मी आले तेव्हा ट्रॅक्टर मोजके होते. आज दाराशी खिलार जोडी असलेलं घर शोधावं लागतं.

कॉमर्सवाली असल्यामुळे मी एकदा दोन्हींचा हिशेब मांडून पाहिला होता. बैल वर्षभर खातो आणि काम काहीच महिने करतो. ट्रॅक्टर उभा असला तर डिझेल पीत नाही. पण बैलाचा चारा स्वतःच्या रानातला, शेण रानालाच परत, गोऱ्हा वाढला की त्याची किंमत वाढते. ट्रॅक्टरचा घसारा शोरूमच्या दारातूनच सुरू होतो आणि हप्ता दुष्काळातही थांबत नाही. दोन-तीन एकरवाल्याला स्वतःचा ट्रॅक्टर परवडत नाही, तो भाड्याने नांगरून घेतो. जो विकत घेतो तो हप्ता फेडायला लोकांची रानं नांगरत फिरतो.

म्हणजे खरा बदल हा की जे व्यवहार आमच्या वहीत कधीच नव्हते, ते सगळे वहीत आले. वारंगुळ्याची जागा तासाच्या भाड्याने घेतली, सावडीची उक्त्या मजुरीने, बलुत्याची बिलाने. सुतार-लोहाराची मुलं पुण्याच्या कारखान्यांत गेली. १८७५ च्या कागदावर गहाण म्हणून जमीन आणि बैल असत, आताच्या कागदावर जमीन आणि ट्रॅक्टर असतो. फक्त सावकार आपण नाही.

बायकांचं काय झालं? बाईने नांगर धरायचा नाही ही जुनी रीत. त्यामुळे एकट्या बाईची शेती कायम दुसऱ्याच्या दयेवर असे. आमच्या गल्लीत एक विधवा बाई आहे, चार एकर एकटी सांभाळते. फोन करते, ट्रॅक्टरवाला येतो, नांगरून जातो, पैसे दिले की झालं. कुणाच्या पाया पडावं लागत नाही. दुसरीकडे तणनाशक आलं आणि खुरपणीचा रोज गेला. कांद्याची लागण मात्र अजून बायकांच्याच हाताने होते, दिवसभर ओणवं राहून. आपण कांदा खात नाही, पण आमच्याकडची कितीतरी घरं त्याच रोजावर चालतात. यंत्र आधी पुरुषाच्या कामाला आलं. वाकायचं काम बाईकडेच राहिलं.

बैल कुठे गेले?

आमच्या घरी गाडीची एक जोडी होती, यवत स्टेशनवरून माल आणायला. १९८७ साली टेम्पो घेतला आणि जोडी विकली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी चौविहार केला तो न जेवताच. बाबूजी म्हणाले, चांगल्या शेतकऱ्याला दिली आहे. पुढे त्या शेतकऱ्यानेही ट्रॅक्टर घेतला. त्यानंतर जोडी कुठे गेली हे आम्ही विचारलं नाही. वहीत तेवढी रक्कम जमा आहे.

बैल कमी होण्याचं आणखी एक कारण आमच्या शेजारचंच. गांधीजी १९४६ साली उरुळी कांचनला आले, तिथे मणिभाई देसाई राहिले आणि १९६७ साली त्यांनी 'बायफ' संस्था सुरू केली. विदेशी जातींशी संकर करून दुभत्या गायी घरोघरी आल्या. दुधाचा पैसा बायकांच्या हाती आला, मुलींच्या शाळा झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण त्या गायीच्या गोऱ्ह्याला वशिंड नीट नसतं, जू बसत नाही, ऊन सोसत नाही. पूर्वी गोऱ्हा झाला की साखर वाटत. आता तो जन्मतःच नकोसा.

२०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. आपल्याला त्याचं समाधान वाटतं, वाटायलाच हवं. पण सांभाळायचं कुणी? शेतकऱ्याला परवडत नाही आणि पांजरपोळांत जागा नाही. शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, २०२१ मध्ये परवानगी मिळाली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. म्हणजे आज बैलाला मोठी किंमत आहे ती पळण्याची, आणि ती थोड्याच बैलांना.

यंत्राने बैलाच्या मानेवरचं ओझं उतरवलं हे पुण्यच झालं. पण ज्याचं ओझं उतरलं त्याच्या चाऱ्याची सोय कुणीच केली नाही, आमच्या घरानेही नाही. म्हणून गेल्या पर्युषणापासून मी एक केलं आहे. जीवदयेची पावती फाडून थांबत नाही. जवळच्या पांजरपोळात जाऊन तिथल्या एका बैलाचा वर्षाचा चारा किती, औषध किती, हे विचारून तेवढी रक्कम देते आणि त्याची नोंद घरच्या वहीत करते. तीस वर्षांनी वहीत पेंड पुन्हा आली आहे.

तुमच्या माहेरी-सासरी अशा वह्या असतील तर रद्दीत देऊ नका. एकदा वाचा आणि काय सापडलं ते मला जरूर कळवा. लिहिण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.