रेषेबाहेरचें चाक

संगणकापुढें बसून, हातांत स्टिअरिंगचें चाक धरून मोटारींची शर्यत खेळणें ह्यास कित्येक विचारी गृहस्थ पोरखेळ समजतात. तथापि ह्या खेळाचा इतिहास निरखून पाहतां दंडनीतींतला एक जुना प्रश्न आम्हांस त्यांत नव्या वेषानें उभा असलेला दिसतो. मनुष्यास मर्यादेंत कोण ठेवितें, संकटाचें भय कीं नियमाचें बंधन? आणि जेथें संकटच उरलें नाहीं, तेथें नियमानें काय करावें?

खऱ्या शर्यतींत पूर्वीं हा प्रश्न फारसा नव्हता. वळणाबाहेर झाड, खंदक किंवा भिंत असे. मार्ग सोडणाऱ्यास शासन करण्याकरितां पंच लागत नसे. परंतु तें शासन फार क्रूर होतें. ११ जून १९५५ रोजीं फ्रान्सांत ल मां येथें एका मोटारीचे तुकडे प्रेक्षकांत घुसून ऐंशींहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढील दशकांत लोखंडी कठडे आले, वळणांबाहेर खडीचे पट्टे आले, आणि मग कित्येक ठिकाणीं खडीची जागा सपाट डांबरानें घेतली. चालक वांचूं लागले, हें इष्टच झालें. मात्र बाहेरची जमीन निर्धोक होतांच ती लाभदायकही ठरली. वळण रुंद घेऊन क्षणार्ध वांचविण्याचा मोह पडूं लागला. भिंतीचें काम पांढऱ्या रेषेवर आलें. चारही चाकें रेषेबाहेर गेलीं कीं अपराध, असा नियम झाला. २०२३ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रींत अशा १२०० हून अधिक संशयित प्रसंगांची नोंद झाली. पंचांस ते सर्व वेळेंत तपासतां आले नाहींत, आणि शर्यत संपल्यावर कांहीं तासांनीं आठ चालकांस वाढीव दंड होऊन निकाल बदलला. पुढच्या वर्षीं शेवटच्या दोन वळणांबाहेर खडीचा अरुंद पट्टा घालण्यांत आला.

संगणकावरील शर्यतींत तर भिंतीवर आदळलें तरी खरचटत नाहीं. १९८९ मध्यें ‘इंडियानापोलिस ५००’ व १९९८ मध्यें ‘ग्रां प्री लेजंड्स’ हे खेळ पपायरस ह्या संस्थेनें बनविले. तिचे एक संस्थापक डेव्हिड केमर ह्यांनीं जॉन हेन्री ह्यांच्यासह २००४ सालीं ‘आयरेसिंग’ची स्थापना केली, व २००८ सालीं ती सर्वांस खुली झाली. देशोदेशींचे अनोळखी लोक एकाच मार्गावर धांवणार. त्यांस आवरावें कसें? तेथें योजना अशी आहे: गाडी रेषेबाहेर गेल्यास एक दोषांक, ताबा सुटल्यास दोन, डांबरी मार्गावरील जोराच्या टकरीस चार. किती वळणांमागें किती दोषांक पडले, ह्यावरून चालकाची सुरक्षिततेची पत ठरते. ती सुधारल्यावांचून वरच्या वर्गाचा परवाना मिळत नाहीं. रेषा ओलांडून वेळ कमावणाऱ्यास वेग उतरवून तो लाभ परत करावा लागतो.

टकरींत दोष कोणाचा, हें मात्र यंत्र पाहत नाहीं. धडक देणारा व खाणारा, दोघांच्याही नांवें अंक चढतात. एकेका प्रसंगीं हा उघड अन्याय होय. परंतु दोष ठरवूं गेल्यास प्रत्येक टकरीमागें एक न्यायाधीश हवा. शिवाय ‘चूक माझी नव्हती’ हें समाधानच हिरावल्यामुळें शहाणा चालक दुसऱ्याच्या चुकीचाही हिशेब करूं लागतो. पहिल्या वळणाच्या गर्दींत मागें राहावें, उतावळ्यास वाट द्यावी, शेवटच्या फेऱ्यांकरितां टायर राखावे, हें तो नीति म्हणून नव्हे, डावपेंच म्हणून शिकतो.

ह्याची उलट बाजूही आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजीं अमेरिकेंत मार्टिन्सव्हिल येथील नॅसकारच्या शर्यतींत रॉस चॅस्टेन ह्यानें अखेरच्या फेरींत गाडी मुद्दाम भिंतीस घासत भरवेगानें नेली, व पांच गाड्या मागें टाकून अजिंक्यपदाच्या अंतिम शर्यतींत स्थान मिळविलें. लहानपणीं संगणकखेळांत ही युक्ति केल्याचें त्यानेंच सांगितलें. तेव्हां दंड झाला नाहीं. परंतु २०२३ च्या आरंभीं, सुरक्षिततेच्या जुन्याच नियमान्वयें अशा कृत्यास यापुढें दंड होईल, असें नॅसकारनें जाहीर केलें. भिंतीचें भय खेळांत गेलें होतें. तें खऱ्या भिंतीजवळही परत आलें नाहीं.

भय कमी करणें हा सुधारणेचा धर्मच होय. १९५५ कोणासही पुन्हा नको. परंतु भयाची जागा रिकामी ठेवून चालत नाहीं. ती नियमानें भरावी लागते, आणि नियम असा हवा कीं तो पाळण्यांत खेळणाऱ्यास स्वतःचाच लाभ दिसावा. मुलांस हा खेळ खेळूं द्यावा कीं नाहीं, ह्याचा वाद वडील मंडळींनीं खुशाल करावा. मात्र त्यापूर्वीं, कोणी पंच पाहत नसतां त्या पांढऱ्या रेषेशीं मुलगा कसा वागतो, तें एकदां त्याच्या मागें उभें राहून अवश्य पाहावें.