संमतीची प्रतीक्षा: शॉर्ट सेलच्या अभ्यासाची प्रस्तावना

अमेरिकेत २००६ नंतर घरांच्या किमती कोसळल्या आणि लाखो कुटुंबांवर घराच्या बाजारभावापेक्षा कर्जाचा आकडा मोठा होण्याची वेळ आली. घर विकले तरी कर्ज फिटत नव्हते आणि हप्ते भरण्याची ऐपत उरली नव्हती. अशा वेळी धनको संस्थेने येणे रकमेपेक्षा कमी घेऊन घरावरचा बोजा उतरवायचा आणि लिलाव टाळायचा, हा मार्ग सर्रास वापरला जाऊ लागला. हाच शॉर्ट सेल. घर कर्जदाराच्याच नावावर असते, विक्रीचा करारही त्याच्याशीच होतो. पण धनकोची संमती येईपर्यंत तो करार जागचा हलत नाही. ही संमती यायला इतका वेळ का लागतो, हा या अभ्यासविषयाचा गाभा आहे.

बँक उत्तर का देत नाही, असा प्रश्न खरेदीदाराला पडतो. अभ्यासकाने त्याआधी विचारावे, की निर्णय मुळात कोणाच्या हाती आहे? कर्जदार ज्या कंपनीकडे हप्ते भरतो, ती पुष्कळदा केवळ सर्व्हिसर, म्हणजे वसुली पाहणारी संस्था असते. कर्जाची मालकी फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्थांकडे असते, नाहीतर असंख्य कर्जे एकत्र बांधून काढलेल्या रोख्यांच्या गुंतवणूकदारांकडे. कागद तपासणारा एक आणि तोटा सोसणारा दुसरा. कर्जाचा विमा असेल तर विमा कंपनीचीही परवानगी लागते. त्यात तेजीच्या काळात अनेकांनी त्याच घरावर दुसरे कर्ज काढलेले होते. लिलाव झाला तर या दुसऱ्या धनकोच्या हाती बहुधा काही लागत नाही. मात्र त्याने बोजा सोडल्याखेरीज घर निर्वेध होत नाही. ज्याचे येणे सर्वांत दुबळे, त्याचाच नकार सौदा अडवू शकतो.

कागदांचा प्रवासही समजून घ्यावा लागतो. अडचणीचे कारण सांगणारे पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, करविवरणे, खरेदीचा करार आणि विक्रीच्या हिशेबाचा अंदाज विक्रेत्याने पाठवायचा असतो. मग धनको स्वतंत्रपणे घराची किंमत ठरवून घेतो. निर्णय लांबला की उतारे आणि पावत्या जुन्या ठरतात, नव्या मागवल्या जातात आणि एका विलंबातून दुसरा जन्मतो.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न झाले. फॅनी मे आणि फ्रेडी मॅकच्या कर्जांसाठी जून २०१२ पासून सर्व्हिसरांना ३० दिवसांत उत्तर आणि ६० दिवसांत अंतिम निर्णय देणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून या कर्जांवरील दुय्यम धनकोंना द्यायची रक्कम ६,००० डॉलरपर्यंत मर्यादित झाली, म्हणजे घासाघीस थोडी आटोक्यात आली. जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार, लिलावाला ३७ दिवसांहून अधिक अवधी असताना पूर्ण अर्ज आला, तर सर्व्हिसरला तो सामान्यतः ३० दिवसांत तपासावा लागतो. इथे ‘पूर्ण’ या अटीवर बोट ठेवून वाचावे. मुदत अर्ज पूर्ण झाल्यावर सुरू होते, आणि तो पूर्ण झाला की नाही हे आधी सर्व्हिसरच ठरवतो. शिवाय हे संरक्षण कर्जदाराला आहे, खरेदीदाराला नाही.

म्हणून खरेदीदाराचे बळ त्याच्या करारात आणि त्याने आधी विचारलेल्या प्रश्नांत असते. घरावर किती बोजे आहेत, कर्जाचा खरा मालक कोण, लिलावाची तारीख लागली आहे का, विक्रेत्याने आपल्या एजंटला बँकेशी बोलण्याचा लेखी अधिकार दिला आहे का, हे सहीपूर्वीच विचारावे. घराची तपासणी आणि स्वतःच्या कर्जमंजुरीची मुदत संमतीच्या तारखेपासून मोजली जावी. ठरलेल्या दिवसापर्यंत संमती आली नाही, तर इसाराची रक्कम परत घेऊन बाहेर पडण्याची मुभा करारात असावी. व्याजदर फार आधी बांधून घेऊ नये. संमतीपत्र आले की त्यावरची अखेरची तारीख प्रथम पाहावी; ती उलटली तर पुन्हा परवानगी मागावी लागते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात पहिले घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ही माहिती तितकीच उपयोगी आहे.

या विषयात आकडेमोड आहे, कायदा आहे आणि संस्थांच्या कारभाराचा अभ्यासही आहे. त्यांना जोडणारा प्रश्न न्यायाचा आहे: एका संस्थेने दुसरीच्या उत्तराची वाट पाहायची आणि त्याची किंमत मात्र घर गमावणाऱ्या व घर शोधणाऱ्या अशा दोन कुटुंबांनी मोजायची, हे कितपत योग्य? उशीर नेमका कोणत्या टेबलावर होतो हे दाखवता आले, तरच तो कमी करण्याची मागणी नेमकी करता येते. त्यासाठी हा अभ्यास हवा, आणि त्यासाठी नवे अभ्यासक हवेत.