'जेएफके' आणि कुलूपबंद कपाट

१९९१ सालचा डिसेंबर. अमेरिकेत येऊन मला दहा वर्षं झाली होती. ग्रीन कार्ड जुनं झालं होतं आणि सिटिझनशिपचा कोरा फॉर्म टेबलाच्या खणात पडून होता. भरू भरू म्हणत राहून जायचा. ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही चार मराठी कुटुंबं न्यू जर्सीत एका मित्राकडे जमलो होतो. मुलांना त्याच्या आईच्या हवाली करून आम्ही मोठी मंडळी नुकताच लागलेला ऑलिव्हर स्टोनचा 'जेएफके' बघायला गेलो. तीन तास आठ मिनिटांचा सिनेमा, तोही इंटरव्हलशिवाय!

तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. ली हार्वे ऑस्वाल्ड याने एकट्यानेच हे केलं, असा निष्कर्ष सरन्यायाधीश वॉरन यांच्या आयोगाने १९६४ साली काढला. न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील जिम गॅरिसन यांना तो पटला नाही. त्यांनी १९६७ साली क्ले शॉ नावाच्या व्यापाऱ्याला कटाच्या आरोपाखाली अटक केली. सिनेमातला नायक म्हणजे हेच गॅरिसन. त्यांची भूमिका केव्हिन कॉस्नरने केली आहे, आणि गंमत म्हणजे खुद्द गॅरिसन पडद्यावर वॉरन होऊन येतात. कट सीआयएपासून लष्करापर्यंत वरवर पोचलेला होता, असं स्टोनचं म्हणणं.

शेवटी पडद्यावर अक्षरं आली: या हत्येचा तपास करणाऱ्या काँग्रेसच्या समितीच्या फायली २०२९ सालापर्यंत बंद राहणार आहेत. दिवे लागले तरी बराच वेळ कोणी उठेना. आमच्या पुढच्या रांगेतल्या एक वयस्क अमेरिकन बाई डोळे पुसत होत्या.

घरी चहाबरोबर जोरदार वाद झाला. एक मित्र म्हणाला, "सगळं खरं आहे, म्हणून तर फायली दडवल्यात." माझी बायको म्हणाली, "अहो, पण तीन तासांत पुरावा कुठे दाखवला? नुसतं संगीत आणि धावता कॅमेरा!" मला 'सिंहासन' आठवला. जब्बार पटेलांचा तो सिनेमा मी देशात असताना पुण्यात पाहिला होता. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस सगळी कारस्थानं जवळून बघतो आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. आम्हीही "राजकारण असंच असतं" म्हणत बाहेर पडलो आणि मिसळ खाऊन घरी गेलो होतो. इथले प्रेक्षक मात्र चिडले होते.

समीक्षकही चिडले होते, पण स्टोनवर. 'न्यूजवीक'ने तर या सिनेमावर विश्वास ठेवू नका, अशा अर्थाची मुखपृष्ठकथाच केली. रॉजर ईबर्टने मात्र त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लोकांच्या मनातला संशय काही स्टोनने पेरला नव्हता. हत्येनंतर लगेच गॅलपने विचारलं तेव्हाही ५२ टक्के लोकांना कट वाटत होता, आणि १९७६ साली ८१ टक्क्यांना. सिनेमाने त्या संशयाला मागणीचं रूप दिलं: कपाट उघडा.

आणि कपाट उघडलं, मंडळी! लोकांनी काँग्रेसच्या सभासदांना पत्रांवर पत्रं पाठवली. सिनेमा लागल्यापासून वर्षाच्या आत, २६ ऑक्टोबर १९९२ रोजी, थोरल्या बुशसाहेबांनी केनेडी हत्येच्या कागदपत्रांच्या कायद्यावर सही केली. सगळे कागद पंचवीस वर्षांत खुले करायचे. एखादा रोखायचा असेल तर राष्ट्राध्यक्षांनीच कारण द्यायचं. त्यासाठी नेमलेल्या पाच जणांच्या स्वतंत्र मंडळाने १९९८ पर्यंत काम केलं. आज मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या संग्रहाची सुमारे पन्नास लाख पानं आहेत.

ती बातमी वाचली त्या रविवारी मी खणातला फॉर्म काढून भरला. सिनेमा पाहून आल्यावर "असल्या देशाची शपथ घ्यायची?" असं मीच म्हणालो होतो. पण सरकारवर संशय घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकून सरकार कायदा करतं, हे पाहिल्यावर शपथ घ्यायला मन तयार झालं.

कपाटातून काय निघालं? मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने आणखी हजारो पानं खुली केली, तेव्हा मुलाने फोन करून हेच विचारलं, "बाबा, सापडला का तुमचा कट?" नाही सापडला. ऑस्वाल्डवरचा निष्कर्ष उलटवेल असा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. निघालं ते वेगळंच. हत्येच्या काही आठवडे आधी ऑस्वाल्ड मेक्सिको सिटीतल्या सोव्हिएत आणि क्यूबन वकिलातींत गेला होता, आणि तिथल्या टेलिफोनवर सीआयए कान लावून होती. त्या काळच्या हेरगिरीचे असे पुष्कळ तपशील उजेडात आले. म्हणजे दडवण्यासारखं होतं, पण ते आम्ही समजत होतो ते नव्हे.

आता जरा आम्हा प्रेक्षकांबद्दल. त्या रात्रीच्या वादात क्ले शॉचं नाव कोणी घेतलं नाही. १ मार्च १९६९ रोजी ज्युरीने तासाभराच्या आत त्याला निर्दोष सोडलं होतं. सिनेमात तो निकालही आहे, पण तोवर आमच्या मनाने त्याला शिक्षा देऊन टाकली होती. १९७४ साली तो वारला. सतरा वर्षांनी पडद्यावर आलेल्या आरोपाला उत्तर द्यायला तो नव्हता. २०२५ च्या कागदांतही अनेक हयात माणसांचे सोशल सिक्युरिटी नंबर तसेच उघडे पडले. कपाट उघडताना आत कोणाची अब्रू ठेवलेली आहे, हे बघायला लागतं.

गेल्या वर्षी सुनेला आणि मुलाला घेऊन पुन्हा 'जेएफके' पाहिला. सिनेमा अजूनही खिळवून ठेवतो. संपल्यावर सून म्हणाली, "बाबा, त्या शॉचं पुढे काय झालं हो?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा, हिला विचारायचं कळलं!"