ग्राहक गळती म्हणजे काय? ती कशी मोजतात?

ठरावीक काळात एखाद्या व्यवसायाच्या ग्राहकांपैकी जितके टक्के ग्राहक खरेदी करणे किंवा सेवा घेणे थांबवतात, त्या प्रमाणाला ग्राहक गळतीचा दर म्हणतात. कंपन्यांच्या भाषेत यालाच 'चर्न रेट' असे नाव आहे. मोबाइल कंपनी, ओटीटी, बँक, जिम किंवा कोपऱ्यावरचे किराणा दुकान, सगळ्यांनाच हा हिशेब लागू होतो.

विक्री वाढत असतानाही गळती वाढत असू शकते. नवे ग्राहक येत राहिले की जुने निघून गेलेले जाणवत नाहीत. नव्यांचा ओघ कमी झाला की मग अचानक धंदा बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ग्राहक आधीपासूनच जात असतात.

साधे सूत्र

महिन्याच्या सुरुवातीला जे ग्राहक होते, त्यांच्यापैकी किती जण महिनाभरात गेले ते मोजायचे. त्या संख्येला सुरुवातीच्या ग्राहकसंख्येने भागून १०० ने गुणायचे.

समजा, १ तारखेला १,००० ग्राहक होते. त्यांतले ५० गेले आणि ८० नवे आले. गळतीचा दर झाला ५ टक्के. महिनाअखेरीस एकूण संख्या १,०३० दिसते, म्हणजे वरवर पाहता ३० ची वाढच. नवे ८० जण गळतीच्या हिशेबात धरायचे नसतात. त्यांना मिसळून १,०८० ने भागले तर दर ४.६ टक्के दिसतो. म्हणजे जाहिरात करून नवे ग्राहक आणले की गळती कमी झाल्याचा भास होतो, जुने मात्र तितकेच गेलेले असतात.

महिन्याला ५ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. पण हाच दर वर्षभर राहिला तर १,००० पैकी सुमारे ५४० ग्राहकच उरतात. दर महिन्याला उरलेल्यांपैकी ५ टक्के जातात, म्हणून वर्षाची गळती ६० नव्हे, तर सुमारे ४६ टक्के होते. दर २ टक्के असता तर सुमारे ७८५ जण टिकले असते.

निव्वळ आकडा काय लपवतो?

एप्रिल २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने जाहीर केले की, वर्षाच्या पहिल्या तिमाहीत सदस्यसंख्या २ लाखांनी घटली. दहा वर्षांहून अधिक काळात अशी घट पहिल्यांदाच झाली होती. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर सुमारे ३५ टक्के कोसळला. त्याच वेळी कंपनीने असेही सांगितले होते की, रशियातील सेवा थांबवल्यामुळे ७ लाख सदस्य कमी झाले. ते वगळले तर ५ लाखांची वाढच होती.

घट २ लाख हा निव्वळ आकडा आहे: आलेले वजा गेलेले. त्यावरून एकूण किती लोक सोडून गेले, हे कळत नाही. गळती समजण्यासाठी आलेले आणि गेलेले वेगवेगळे मोजावे लागतात.

ग्राहक 'गेला' असे कधी म्हणायचे?

गळती मोजण्यातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. सदस्यत्व असेल तर काम सोपे असते. पैसे भरणे थांबले किंवा सेवा बंद केली, त्या तारखेला ग्राहक गेला. दुकानात मात्र कोणी 'उद्यापासून येणार नाही' असे सांगून जात नाही. विक्रीच्या नोंदींत फक्त शेवटच्या बिलाची तारीख असते. त्यामुळे किती दिवस खरेदी झाली नाही म्हणजे ग्राहक गेला, हे व्यवसायालाच ठरवावे लागते.

प्रीपेड सिमकार्ड हे याचे रोजच्या पाहण्यातले उदाहरण. ट्रायच्या नियमानुसार, वापर नाही या कारणाने प्रीपेड क्रमांक ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही. म्हणजे दुसरे सिम घेऊन पहिले कपाटात टाकणारा माणूस काही काळ जुन्या कंपनीच्या यादीतही असतो. म्हणूनच ट्राय एकूण जोडण्यांबरोबर नेटवर्कवर प्रत्यक्ष सक्रिय असलेल्या जोडण्यांचा आकडाही वेगळा प्रसिद्ध करते.

मुदत कशी ठरवतात?

मुदत मालावर अवलंबून असते. दूधवाल्याचा ग्राहक आठवडाभर आला नाही तर शंका घ्यायला जागा आहे. महिन्याचा किराणा भरणारा आठवडाभर आला नाही तर काहीच बिघडलेले नसते. फ्रिज विकणाऱ्याला तर वर्षांत मोजावे लागते.

त्यासाठी जुन्या नोंदींतून प्रत्येक ग्राहकाच्या दोन खरेद्यांमधले अंतर काढतात. परत येणाऱ्यांपैकी ९० टक्के ग्राहक ४५ दिवसांच्या आत परतत असतील, तर ४५ दिवस ही मुदत धरता येते. ज्यांची शेवटची खरेदी गेल्या ४५ दिवसांतली आहे, त्यांचा निकाल मात्र अजून लागलेला नसतो. त्यांना 'गेलेले' धरता येत नाही आणि 'टिकलेले' म्हणून मिरवताही येत नाही.

दिवाळी किंवा लग्नसराईतच खरेदी करणाऱ्यांना हा नियम लावला तर तो चुकतो. त्यांची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच हंगामाशी करावी लागते.

माणसे गेली की पैसा गेला?

एका घाऊक व्यापाऱ्याचे १०० ग्राहक महिन्याला मिळून १० लाखांची खरेदी करतात. त्यांतले ५ जण गेले आणि त्या पाचांचीच खरेदी २ लाखांची होती. ग्राहक गळती ५ टक्के, पण उत्पन्नाची गळती २० टक्के. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहतात.

नोंदींमधले घोटाळे

एकाच घरातून कधी नवऱ्याचा, कधी बायकोचा मोबाइल क्रमांक दिला जातो. मग एक घर दोन ग्राहक म्हणून मोजले जाते आणि त्यातला एक 'गेलेला' दिसतो. क्रमांक न देता रोखीने घेतलेला माल कोणाच्याच खात्यावर चढत नाही. नेहमीचा ग्राहक दुसऱ्या शाखेत जाऊ लागला तर पहिल्या शाखेत तो गळती म्हणून दिसतो. मोजणीआधी या नोंदी जुळवल्या नाहीत तर सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकते.

चुकीच्या आकड्याची किंमत

मुदत फार कमी धरली तर येणारच असलेल्या ग्राहकांना 'परत या' म्हणून सवलत वाटली जाते आणि नफा विनाकारण घटतो. मुदत फार लांब धरली तर ग्राहक दुसरीकडे रुळल्यावर त्याची आठवण येते. व्याख्या मध्येच बदलली तर एकही ग्राहक न हलता गळती कमी-जास्त झालेली दिसते. त्यामुळे गळतीचा कोणताही आकडा समोर आला की तीन गोष्टी पाहाव्यात: 'गेलेला' कोणाला धरले, तो दर महिन्याचा की वर्षाचा, आणि भागताना कोणती संख्या घेतली. या तीन उत्तरांशिवाय दोन कंपन्यांच्या गळतीची तुलना करता येत नाही.